वेबसाईट बदला, पण जुना पत्ता मोडू नका

दुकान एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हलविले म्हणजे जुन्या शटरवर पाटी लावावयाची, ही रीत आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. सदर बाजारातील गाळा सोडून कोणी औद्योगिक वसाहतीत गेला, तर "आमचे दुकान अमुक ठिकाणी गेले आहे" अशा दोन ओळी रंगवूनच तो जातो. शेजारच्या पानवाल्याला सांगून ठेवतो. पावती पुस्तकावर वर्ष-दोन वर्षे नव्या पत्त्याखाली जुना पत्ताही छापतो. कारण परतूर, मंठा, घनसावंगीकडचा गिऱ्हाईक वर्षातून एकदाच, पेरणीच्या तोंडावर येतो. आपण कधी हललो हे त्याला ठाऊक नसते. तो जुन्या दारी जाणार, आणि दार बंद दिसले की शेजारच्या दुकानात शिरणार.

हाच व्यापारी आपली वेबसाईट नवी करून घेतो तेव्हा मात्र ही पाटी लावण्याची आठवण ना त्याला होते, ना वेबसाईट बनविणाऱ्याला. नवी वेबसाईट देखणी असते, मोबाईलवर चांगली दिसते, मालाची चित्रे मोठी असतात. फक्त जुने पत्ते सगळे मेलेले असतात. गिऱ्हाईक जुनी लिंक दाबतो आणि समोर इंग्रजीत "पान सापडले नाही" आणि ४०४ हा आकडा येतो. त्याचा अर्थ तो एकच काढतो, की हे दुकान बंद पडले.

या प्रकाराकडे जालना जिल्ह्यातील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी गांभीर्याने पाहावे, म्हणून आम्ही आज या विषयावर लिहीत आहोत. विषय तांत्रिक वाटेल, पण त्यातील तंत्र दहा मिनिटांत समजण्यासारखे आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करून घेऊ. लिंकला मराठीत 'दुवा' असा शब्द रूढ झाला आहे. आमच्या वाचकांच्या कानाला हा शब्द निराळ्याच, अधिक मोठ्या अर्थाने परिचित आहे. "जुना दुवा तुटला" असे वाक्य वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून या लेखात आम्ही 'पत्ता' किंवा 'लिंक' असेच म्हणू.

पत्त्याचे शेपूट

वेबसाईटच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता असतो. दुकानाचे नाव, त्यापुढे तिरपी रेघ, मग पानाचे नाव, आणि बहुतेक जुन्या वेबसाईटींत शेवटी एक शेपूट: डॉट एचटीएमएल, डॉट एचटीएम, डॉट एएसपी किंवा डॉट पीएचपी. हे शेपूट म्हणजे त्या फाईलचा प्रकार. पान कोणत्या पद्धतीने तयार झाले, एवढेच ते सांगते. गिऱ्हाइकाला त्याचे काही देणेघेणे नसते. लोखंडी दरवाजा वेल्डिंगने जोडला की रिव्हेटने, हे दरवाजाच्या नंबरात कोणी लिहितो काय? वेबसाईटच्या पत्त्यात मात्र तसेच लिहिले जाते, आणि सगळा घोटाळा तेथून सुरू होतो.

साधी वेबसाईट डॉट एचटीएमएलच्या चार-सहा पानांची असते. पुढे माल वाढतो, भाव रोज बदलावे लागतात, ऑर्डरचा फॉर्म हवा असतो. मग वेबसाईट बनविणारा ती पीएचपीमध्ये करून देतो. त्यासरशी 'भावपत्रक डॉट एचटीएमएल' हे पान 'भावपत्रक डॉट पीएचपी' होते. माणसाच्या नजरेला फरक तीन-चार अक्षरांचा आहे. संगणकाच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे पत्ते आहेत, आणि पहिल्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही.

ही शेपटे दर काही वर्षांनी बदलत आली आहेत. डॉट एचटीएम हे आखूड रूप आले, कारण डॉसच्या काळात फाईलच्या नावामागे तीनच अक्षरे लावता येत. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एएसपी आणले, २००२ मध्ये त्याच कंपनीने एएसपीएक्स आणले. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवलेल्या पीएचपीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९९८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली तेव्हा लोकांनी फाईलींना 'डॉट पीएचपी३' असे शेपूट लावले. २००० मध्ये चौथी आवृत्ती आली. मग आकडा लावणाऱ्यांची पंचाईत झाली. आकडा ठेवावा तर खोटा ठरतो, काढावा तर सगळे पत्ते तुटतात. आवृत्तीचा आकडा पत्त्यात घालणे म्हणजे दुकानाच्या पाटीवर "मालकाचे वय ४२" असे रंगविण्यासारखे झाले.

वर्ल्ड वाईड वेबची कल्पना ज्यांनी मांडली आणि उभी केली त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच या विषयावर एक छोटा लेख लिहिला होता. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, असा त्यांचा रोख होता. पत्त्यात काय घालू नये याची यादीच त्यांनी दिली आहे, आणि फाईलचे शेपूट त्या यादीत आहे. आज तुम्ही एचटीएमएल वापरता, वीस वर्षांनी काय वापराल कोणास ठाऊक, मग ते पत्त्यात कशाला, एवढा साधा तो युक्तिवाद आहे. विशेष म्हणजे स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेने, जेथे वेबचा जन्म झाला, जगातील पहिली वेबसाईट २०१३ मध्ये तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली. एका नामांकित संशोधन संस्थेला आपला जुना पत्ता जपण्यासारखा वाटला, ही गोष्ट आमच्या मते लक्षात घेण्यासारखी आहे.

बाकीचे जग तितके जपत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. म्हणजे दर पाच पानांत जवळजवळ दोन गेली.

आपल्या अंगणातील उदाहरणे

आपल्या जिल्ह्याला पत्ता बदलण्याची सवय नवी नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदनच्या दुकानदारांच्या पाट्यांवर "जि. औरंगाबाद" असे, आणि परतूरच्या पाट्यांवर "जि. परभणी" असे लिहिलेले असे. जिल्हा बदलला म्हणून जुन्या पत्त्याची पत्रे कोणी नदीत फेकून दिली नाहीत. पोस्टाने ती मुकाट्याने योग्य दारी पोहोचविली. पुढे दूरध्वनीच्या जुन्या क्रमांकांमागे २ हा आकडा लागला, तेव्हाही जुना क्रमांक फिरविणाऱ्याला ध्वनिमुद्रित आवाज सांगत असे की क्रमांक बदलला आहे, आता असा फिरवा. ही झाली पाटी लावण्याची सरकारी पद्धत. आमचा आग्रह एवढाच आहे की वेबसाईटच्या बाबतीतही हेच व्हावे.

तेथे मात्र उलटे चित्र दिसते. जालना जिल्हा प्रशासनाची वेबसाईट पूर्वी 'जालना डॉट एनआयसी डॉट इन' या पत्त्यावर होती. पुढे देशभरातील जिल्ह्यांच्या वेबसाईटी एकाच साच्यात आल्या, तेव्हा ती 'जालना डॉट गव्ह डॉट इन' वर गेली. पानांच्या पत्त्यांचा घाटही पालटला आणि नव्या पानांना शेपूट राहिले नाही. बदल चांगलाच होता, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या कोणी एनआयसीच्या काळात एखाद्या पानाचा पत्ता वहीत उतरवून ठेवला असेल, त्याने तो आज मोबाईलवर टाकून पाहावा आणि काय समोर येते त्याचा अनुभव घ्यावा. विक्रीकर विभागाची 'महाव्हॅट' ही वेबसाईट आपल्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि 'महाजीएसटी' हा नवा पत्ता पाठ करावा लागला. हज कमिटी ऑफ इंडियाची वेबसाईट एके काळी डॉट कॉमवर होती, पुढे ती डॉट गव्ह डॉट इनवर आली. फॉर्म भरून देणाऱ्या आपल्या गल्लीतील मुलांना हे सगळे जुने-नवे पत्ते सांभाळावे लागतात.

यात नुसती गैरसोय नाही, धोकाही आहे. उद्योग आधार जाऊन १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. सरकारी वेबसाईटवर ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तरीही सरकारी वाटावीत अशा नावांच्या खासगी वेबसाईटी निघाल्या आणि लहान कारागिरांकडून नोंदणीचे पैसे घेऊ लागल्या. पत्ता बदलला की माणूस शोधाशोध करतो, आणि शोधाशोध करणारा माणूस कोणाच्याही दारात उभा राहू शकतो. खासगी दुकानाचेही तसेच आहे. तुमची जुनी लिंक मेली की गिऱ्हाईक तुमच्या मालाचे नाव गुगलवर टाकतो आणि तेथे पहिला दिसेल त्याच्याकडे जातो.

सरकारचे सोडा. गुगलसारखी बलाढ्य कंपनीही पत्ते कायम ठेवीलच असे नाही. दुकानाची नोंद करणाऱ्यांना गुगल 'बिझनेस डॉट साईट' या शेवटाची एक पानाची वेबसाईट फुकट बनवू देत असे. लहान दुकानदार, गॅरेजवाले, शिंपी यांच्यासाठी ती मोठी सोय होती. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सर्व वेबसाईटी बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता दुकानाच्या नोंदीकडे वळविला जात होता, त्यानंतर तोही थांबला. ज्यांनी तो पत्ता कार्डावर आणि रिक्षाच्या पाठीवर छापला होता, त्यांचे ते छापील काम वाया गेले. गुगलची लांब पत्ते आखूड करणारी 'गू डॉट जीएल' ही सेवाही २०१९ मध्ये नव्या पत्त्यांसाठी बंद झाली. उरलेले सगळे पत्ते ऑगस्ट २०२५ मध्ये बंद करण्याचे ठरले होते. लोकांनी ओरड केल्यावर वापरात असलेले पत्ते चालू ठेवण्याचे कंपनीने मान्य केले. दुसऱ्याच्या जागेत पाटी लावली की पाटीचा मालक दुसराच असतो. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा, तो स्वतःच्या नावावर नोंदवावा आणि त्याची मुदत आपल्या वहीत लिहून ठेवावी. वेबसाईट बनविणाऱ्याने तो त्याच्या नावावर घेतला असेल, तर आजच आपल्या नावावर करून मागावा. हे थोडे विषयांतर झाले, पण पत्त्याची मालकीच आपली नसेल तर पुढचे सारे व्यर्थ आहे.

"जुने पत्ते कोण लक्षात ठेवतो?"

वेबसाईट बनविणारी मंडळी हमखास हा प्रश्न विचारतात. गुगल नवी पाने आपोआप शोधून काढील, असेही सांगतात. अर्धी गोष्ट खरी आहे. नवी पाने गुगल यथावकाश शोधतो. पण जुन्या पानाने वर्षानुवर्षे जी पत कमावली असते, ती नव्या पानाला आपोआप मिळत नाही. हे पान त्याच दुकानाचे, नुसते हलले आहे, असे कोणी तरी सांगावे लागते.

आणि जुने पत्ते माणसे लक्षात ठेवीत नाहीत हे कबूल, पण ते इतरत्र पडून असतात. व्हॉट्सॲपच्या एखाद्या ग्रुपमध्ये तीन वर्षांपूर्वी कोणी पुढे पाठविलेला संदेश असतो. व्यापारी संघटनेच्या छापील सूचीत असतो. बँकेत दिलेल्या प्रकल्प अहवालात, निविदेच्या कागदात असतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे क्यूआर कोडात असतो. पुष्कळांचा समज आहे की क्यूआर कोड म्हणजे काही तरी जिवंत यंत्र आहे. तसे नाही. साध्या क्यूआर कोडात पत्ता अक्षरशः छापलेला असतो, फक्त ठिपक्यांच्या लिपीत. एकदा छापला की त्यातील एक अक्षरही बदलता येत नाही.

समजा भोकरदन नाक्याच्या बाजूला एक कारागीर पेरणी यंत्रे बनवितो. प्रत्येक यंत्रावर तो एक पत्र्याची पट्टी ठोकतो, तिच्यावर क्यूआर कोड. तो मोबाईलने टिपला की सुट्या भागांची यादी उघडते, नळी, फाळ, चकती, कोणता भाग कितीला. यंत्र जाफराबादच्या शेतात दहा वर्षे चालणार आहे. तिसऱ्या वर्षी कारागिराने वेबसाईट नवी केली, यादीचे पान एचटीएमएलचे पीएचपी झाले, आणि जुन्या पत्त्यावर काहीच ठेवले नाही. आता विकलेल्या प्रत्येक यंत्रावर मेलेला पत्ता ठोकलेला आहे. मृगाचा पाऊस पडला, नळी तुटली, शेतकऱ्याने मोबाईल धरला आणि पान सापडले नाही. तो काय करणार? अंबडला जाऊन दुसऱ्याची नळी बसविणार. पुढचे यंत्रही त्याच दुसऱ्याचे घेणार. कारागिराला हे नुकसान हिशेबाच्या वहीत कधीच दिसणार नाही, कारण जो गिऱ्हाईक आलाच नाही त्याची नोंद कोणी करीत नाही. आमच्या दृष्टीने या प्रकरणातील खरी हानी ही आहे.

मोसंबीचा आडतदार असो, सळईचा व्यापारी असो, की लग्नाची पेटी आणि कपाटे बनविणारा असो, प्रत्येकाने आपला पत्ता कोठे कोठे छापला आहे याची एकदा आठवण करावी. यादी वाटते त्यापेक्षा लांब निघते.

पाटी कशी लावावयाची

उपाय स्वस्त आहे आणि जुना आहे. वेबसाईट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्याला सर्व्हर म्हणतात. कोणी जुना पत्ता मागितला, तर सर्व्हरने नव्या पत्त्याकडे बोट दाखवावे अशी व्यवस्था करता येते. याला रिडायरेक्ट म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. ३०१ क्रमांकाचा म्हणजे "आम्ही कायमचे हललो." ३०२ क्रमांकाचा म्हणजे "तात्पुरते तिकडे आहोत." शुक्रवारी जुम्याच्या वेळी शटर अर्धे ओढून लटकविलेली पाटी आणि दुकान हलविल्यावर भिंतीवर रंगविलेली पाटी, यांत जो फरक तोच या दोहोंत. शेपूट बदलताना ३०१ हवा. पुष्कळ ठिकाणी नकळत ३०२ लावला जातो. गिऱ्हाईक तर नव्या पानावर पोहोचतो, पण गुगलला वाटू शकते की बदल तात्पुरता आहे, आणि तो जुनाच पत्ता धरून बसतो. म्हणून काम करणाऱ्याला आकडा विचारावा. आकडा सांगता आला नाही, तर त्याने हे काम केलेले नाही असे समजावे.

पानांची नावे तीच राहिली असतील आणि फक्त शेपूट बदलले असेल, तर शंभर पानांसाठी शंभर पाट्या लागत नाहीत. अपाची नावाच्या सर्व्हरवर एका ओळीत सांगता येते: जे कोणी डॉट एचटीएमएल मागेल त्याला त्याच नावाचे डॉट पीएचपी द्या. पाच मिनिटांचे काम आहे. यासाठी कोणी वेगळी मोठी रक्कम मागत असेल तर खुशाल घासाघीस करावी.

ही ओळ ज्या फाईलीत लिहितात तिचे नाव 'एचटीॲक्सेस' आणि ते नाव टिंबाने सुरू होते. टिंबाने सुरू होणाऱ्या फाईली पुष्कळ संगणकांवर लपलेल्या असतात. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सामान हलविताना ही फाईल मागे राहते आणि सगळ्या पाट्या एका रात्रीत गळून पडतात. एनजिनएक्स नावाचा दुसरा सर्व्हर तर ही फाईल वाचतच नाही, तेथे हाच नियम निराळ्या जागी लिहावा लागतो. होस्टिंग बदलताना, म्हणजे वेबसाईटचे भाड्याचे घर बदलताना, हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.

आणखी एक खोच आहे. एएसपीच्या वेबसाईटी विंडोजच्या सर्व्हरवर चालत आणि तेथे मोठी लिपी-लहान लिपी एकच धरली जाते. पीएचपीच्या वेबसाईटी बहुधा लिनक्सवर ठेवतात. तेथे मोठ्या अक्षरातला 'रेट' आणि लहान अक्षरातला 'रेट' हे दोन निराळे. कार्डावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेला पत्ता विंडोजवर चालत होता, लिनक्सवर बंद पडला, असे यामुळे होते. पानांबरोबर चित्रांचे आणि पीडीएफ भावपत्रकांचे पत्तेही तपासावेत. गिऱ्हाईक एकमेकांना पाठवितात ते बहुधा पीडीएफच.

दुसराही मार्ग आहे आणि लहान वेबसाईटीला तो कधी कधी अधिक सोयीचा पडतो. पत्त्याचे शेपूट बदलूच नये. डॉट एचटीएमएलची फाईल आली तरी ती पीएचपी म्हणून चालव, असे सर्व्हरला सांगता येते. आतले यंत्र बदलले, दारावरचा नंबर तोच राहिला. सर्व्हरला थोडे काम जास्त पडते, पण वीस-पंचवीस पानांच्या दुकानाला ते जाणवणारही नाही. आणि जो आज पहिल्यांदाच वेबसाईट करून घेत असेल, त्याने पहिल्या दिवसापासून शेपटाशिवायचे पत्ते मागावेत. दुकानाचे नाव, तिरपी रेघ, 'भावपत्रक', बस. मग आत एचटीएमएल असो, पीएचपी असो, की उद्या आणखी काही येवो.

काही जण एक पळवाट काढतात. सगळे जुने पत्ते सरसकट पहिल्या पानाकडे वळवितात. दिसायला बरे, कारण ४०४ येत नाही. पण नळी शोधणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही दुकानाच्या फाटकावर आणून सोडले, पुढे त्याने पुन्हा शोधायचे. गुगललाही हे समजते, असे वळवलेले पान तो सापडले नाही असेच धरतो. जुन्या प्रत्येक पानाला त्याचेच नवे पान मिळाले पाहिजे. एखादा माल विकणेच बंद केले असेल, तर त्या जागी "हा माल आता मिळत नाही, त्याऐवजी हा पाहा" असे सरळ लिहिलेले पान ठेवावे.

याच्या उलट चूकही होते आणि ती आम्हाला अधिक गंभीर वाटते. नवे पान तयार होते, पण जुनी एचटीएमएल फाईल कोणी काढीत नाही. दोन्ही पाने उघडतात. नव्यावर आजचा सळईचा भाव, जुन्यावर दोन वर्षांपूर्वीचा. जालन्याच्या गिरण्यांतील सळईचा भाव दिवसागणिक हलतो हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाईक जुने पान दाखवून म्हणतो, तुमच्याच वेबसाईटवर हा भाव आहे. व्यापारी म्हणतो, ते पान जुने आहे. गिऱ्हाईक म्हणतो, मग ते अजून का लावून ठेवले? त्याच्या या प्रश्नाला उत्तर नाही. तोलमापात चोख असलेल्या व्यापाऱ्यावर भावाच्या बाबतीत संशय यावा, हे बरे नव्हे. जुना पत्ता जपावयाचा म्हणजे जुने पान जपावयाचे नव्हे. पत्ता जुना, पान नवे, असा मेळ बसला पाहिजे.

पाटी किती दिवस ठेवावी? गुगलचा सल्ला आहे की निदान एक वर्ष तरी ठेवावी, जमेल तितकी अधिक. आमच्या मते हा सल्ला गुगलच्या सोयीचा आहे, आपल्या नव्हे. यंत्रावरची पत्र्याची पट्टी एका वर्षात गंजून जात नाही. ओळ एकदा लिहिली की ती राहू देण्याला पैसा लागत नाही, म्हणून ती काढूच नये. पूर्ण नावच बदलले असेल, म्हणजे डॉट कॉम सोडून डॉट इन घेतले असेल, तर जुन्या नावाचे वार्षिक शुल्क भरीत राहावे. ते सोडले की कोणीही ते नाव विकत घेऊ शकतो, आणि तुमच्या जुन्या कार्डावरून येणारा गिऱ्हाईक मग त्याच्या दारात.

वेबसाईट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बदलली तर पाट्यांची साखळी होऊ देऊ नये. पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असे भटकविण्यापेक्षा पहिल्या पत्त्याची पाटीच नव्याने लिहून थेट तिसऱ्याकडे वळवावी. गुगल अशा दहा पायऱ्यांपर्यंत चालत येतो, पण खेड्यातल्या मंद इंटरनेटवर माणूस इतका थांबत नाही.

काम देताना

वेबसाईट बनविणाऱ्याशी व्यवहार ठरविताना तोंडी बोलण्यावर राहू नये, कागदावर एक वाक्य घालावे: "जुन्या वेबसाईटवरील प्रत्येक पानाचा, चित्राचा व पीडीएफचा पत्ता त्याच मजकुराच्या नव्या पत्त्याकडे ३०१ ने कायमचा वळविलेला असेल." उधारीचा कागद आपण साक्षीदारांसह करतो, मग येथे एक वाक्य लिहून घेण्यात संकोच कसला? जुनी वेबसाईट बंद करण्यापूर्वी तिच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढून मागावी. गुगलची सर्च कन्सोल नावाची मोफत सेवा आहे, तीत आपल्या वेबसाईटची नोंद करावी. न सापडलेल्या पानांची यादी ती स्वतःच दाखविते. बदल केल्यानंतरचे दोन महिने आठवड्यातून एकदा ती यादी पाहिली, तर राहून गेलेले पत्ते हाती लागतात.

आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दुकानातील एखाद्या मुलाला बसवावे. जुने कार्ड, जुना कॅलेंडर, व्हॉट्सॲपवर पूर्वी पाठविलेले संदेश, मालावरचे क्यूआर कोड, यांतून दहा-पंधरा जुने पत्ते काढून त्याने मोबाईलवर एकेक दाबावा, आपला मोबाईल आणि गिऱ्हाइकाचा साधा मोबाईल, दोन्हींवर. जो पत्ता उघडणार नाही तो कागदावर लिहून बनविणाऱ्याच्या हाती द्यावा, आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत हप्ता खिशातच ठेवावा.